चढा, बोट लागली!

विमानतळावर बोर्डिंगची घोषणा झाली की आपली मंडळी लग्नाच्या पहिल्या पंगतीला उठावे तशी उठतात. सीट नंबर हातात असला तरी उठतात. आपण शब्दाने जहाजात चढतो आहोत, हे त्यांच्या गावीही नसते. 'बोर्ड' म्हणजे मुळात फळी, त्यावरून जहाजाची बाजू. ती ओलांडून आत गेला तो 'ऑन बोर्ड'. विमानाला फळ्या नसतात (दिसल्याच तर बसू नये), पण शब्द एकदा चढला तो उतरायला तयार नाही.

याचाच सुटाबुटातला भाऊ 'एम्बार्क'. सोळाव्या शतकात इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून उचलला. त्याच्या पोटात 'बार्क', म्हणजे नाव, बसली आहे. लॅटिनमधली 'बार्का' ती हीच. काही अभ्यासक तर तिचा माग ग्रीकांमार्गे थेट नाइल नदीपर्यंत नेतात. पुढे नाव राहिली बाजूला आणि माणसे संसार, धंदा, पीएचडी अशा कशावरही एम्बार्क होऊ लागली. परदेशी विमानाने निघालेला भारतीयसुद्धा २०१७च्या जुलैपर्यंत 'एम्बार्केशन कार्ड' भरत होता. पेन अर्थात शेजाऱ्याचे.

कोकणात मात्र हा प्रकार अक्षरशः व्हायचा. आगबोट बऱ्याच बंदरांत खोल पाण्यातच उभी राही. किनाऱ्यावरून आधी पडावात बसायचे, मग पडावातून आगबोटीत. एका प्रवासात दोनदा एम्बार्क! पडाव लाटेवर वर आला की पाय टाकायचा. चुकला तर पुढच्या लाटेची वाट पाहायची. आमच्या आजीने सांगितलेला चढण्याचा क्रम असा: आधी फणस, मग ट्रंक, मग पोरे, उरलीच जागा तर आजोबा. या सगळ्याला खलाशाचे 'चढा, चढा!' पुरे होते. एखाद्या सरकारी कोशकाराने 'नौकारोहण' म्हणेपर्यंत बोट सुटली असती.

मराठीने आपली प्रतिभा राखून ठेवली ती चढल्यानंतरच्या भागासाठी. 'बोट लागली' म्हणजे धक्क्याला आली, आणि 'बोट लागली' म्हणजे माणूस कठड्यावरून ओणवा झाला. आजीला दोन्ही अर्थ एकदमच कळत. इतकी सोय इंग्रजीच्या एकाही शब्दात नाही.

हल्ली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते; तीत मोटारीसकट एम्बार्क होता येते. जरूर जा, पण निघण्याआधी मिसळ खाऊ नका.