मोजणीदार

आमच्या पालघर जिल्ह्यात ‘मोजणीवाले आलेत’ एवढं नुसतं म्हणायचा अवकाश, माणसं हातातलं काम टाकून बांधावर जमतात. बुलेट ट्रेन, एक्स्प्रेस वे, वाढवण बंदर. इतकं मोजून झालंय की त्या शब्दाचाच धसका बसलाय. म्हणून बोईसरला आमच्या बिल्डिंगमधल्या एका सालस गृहस्थाचं नाव मी ‘मोजणीदार’ ठेवलं, तेव्हा तळमजल्यावरच्या अण्णांनी आधी आपला सातबारा कपाटात आहे ना ते पाहून घेतलं.

हा मोजणीदार जमीन सोडून सगळं मोजतो. नोकरी सॉफ्टवेअरची, अंधेरीला सीप्झमध्ये. डहाणूपर्यंत लोकल आली २०१३ च्या एप्रिलात. तेव्हापासून हा तिच्या एका ठरावीक डब्यात. कोण पालघरला उतरतो, कोण सफाळ्याला, कोण विरारला, आठवड्यातून किती वेळा, सगळं मोबाइलमध्ये नोंदलेलं. त्यावरून कुणासमोर उभं राहायचं ते तो ठरवतो. त्याचं ठरेपर्यंत त्या सीटवर दुसराच कुणीतरी बसून पेंगत असतो.

ही एक जातच आहे. पंगतीत वाढायला घ्या म्हटलं की ही माणसं हातात भाताचं पातेलं धरून विचारतात, ‘वाढायची पद्धत काय ठरलीय?’ आमच्या मोजणीदाराच्या तोंडी त्यासाठी एक वाक्य आहे : ‘आधी डेटा स्ट्रक्चर ठरवू.’ चपला कुठे काढायच्या यालाही तो हेच म्हणतो.

मध्यंतरी ऑफिसने त्याला कॅशचं काम दिलं. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, ही बातमी कौतुकाने कोळणीला सांगितली आणि आठवड्याभरात दोघं जण हातउसने मागायला आले. तिसरे अण्णा. त्यांना त्याने जिन्यातच गाठून समजावलं, “अहो अण्णा, नोटांची नव्हे, कॉम्प्युटरमधली कॅश. तिच्यात जागा थोडी. भरली की त्यातलं गुपचूप काढून टाकायचं असतं.”

“अरे, मग तर आतच जाशील,” अण्णा म्हणाले.

मला मात्र त्याचं म्हणणं पटकन कळलं, कारण मी तारापूर एमआयडीसीत एका कंपनीचं स्टोअर सांभाळतो. मागच्या गोदामातून वस्तू आणायला वेळ लागतो, म्हणून हरघडी लागणारा माल खिडकीजवळच्या रॅकवर ठेवायचा. तो रॅक म्हणजे कॅश. रॅक भरला आणि नवं काही आलं, की जे सर्वांत कमी वेळा मागितलं गेलंय ते मागे पाठवायचं. इतकंच. पण सर्वांत कमी वेळा कोण, हे दर वेळी क्षणात सापडावं कसं, यावर मोजणीदाराची झोप उडाली होती.

प्रयोगाला त्याने स्वतःचं स्वयंपाकघर घेतलं. ओट्यावरची फळी ही कॅश, तिच्यावर चाळीस डबे. माळा हे गोदाम. डबा उघडला की वहीत त्याच्या नावापुढे एक रेघ मारायची, हे काम वहिनींकडे. रात्री हा चाळीस ओळी वाचून सर्वांत कमी रेघा शोधणार. पहिल्या रात्री मेथीदाणे सापडेपर्यंत अकरा वाजले. मग त्याने डबे फळीवरच क्रमाने लावले : डावीकडे कमी वापराचे, उजवीकडे जास्त. शोधायचा प्रश्न मिटला, सरकवायचा सुरू झाला. जिऱ्याने धण्याला मागे टाकलं की धणे अलीकडे, जिरे पलीकडे. हे सगळं तेल तापलेलं असताना. दोन दिवस त्यांच्याकडच्या फोडणीचा करपट वास जिन्यापर्यंत येत होता.

तिसरा प्रयोग हीपचा. यात सगळ्यांचा क्रम लावायचा नसतो. वरच्याचा आकडा खालच्या दोघांपेक्षा मोठा नसावा, एवढा एकच नियम. त्यामुळे सर्वांत कमी वापरलेला नेहमी शेंड्यावर, हाताशी. एखाद्याचा आकडा वाढला तर तो खाली घसरतो. चाळीस डब्यांत फार तर पाच अदलाबदली. गणित चोख आहे. पण मोजणीदाराने ते कागदावर न ठेवता डब्यांचीच उतरंड रचली. मीठ सर्वांत जास्त वापरातलं, म्हणून ते तळाला. रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा वहिनी उतरंडीसमोर हात बांधून उभ्या होत्या.

“भाऊजी, मीठ पाहिजे,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडून द्या वाटीभर. आमच्याकडे आहे, पण खाली आहे.”

पुढच्या पायरीत मीही सामील आहे, हे कबूल करतो. त्याने कुठूनसा २०१० सालचा एक निबंध वाचला होता. केतन शहा, अनिर्बन मित्रा आणि ध्रुव मतानी या तिघांचा. त्यांची युक्ती अशी, की डबे असोत किती का, हिशेब तेवढ्याच वेळात व्हावा. त्यासाठी मी भंगारातली प्लायची पट्टी आणि पत्र्याचे बिल्ले दिले. पट्टीवर खिळे. एकदा वापरलेल्यांचे बिल्ले पहिल्या खिळ्यावर, दोनदा वापरलेल्यांचे दुसऱ्यावर, असं पुढे. डबा उघडला की त्याचा बिल्ला एक खिळा पुढे. जागा हवी झाली की पहिल्या खिळ्यावरचा, त्यातही सर्वांत आधी अडकवलेला, बिल्ला काढायचा आणि तो डबा माळ्यावर. बिल्ला शोधत बसायला नको म्हणून झाकणावर पेन्सिलीने खिळ्याचा नंबर. शोधाशोध नाही, सरकवासरकवी नाही. मला मनापासून आवडलं.

मीठ साठीच्या पुढे गेलं आणि पट्टी संपली. मोजणीदार म्हणाला, निबंधात रिकामे खिळे नसतातच. लागेल तिथे दोन खिळ्यांच्या मध्ये नवा ठोकायचा, मोकळा झाला की उपटायचा. कॉम्प्युटरमध्ये याला काही खर्च नाही. बोईसरच्या भिंतीला आहे. रात्री साडेनऊला ठोकाठोक सुरू झाली की अण्णा खालून काठीने छताला उत्तर द्यायचे.

तरीही पट्टी टिकली असती. तिला बुडवलं बोंबलांनी.

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. सातपाटीच्या होड्या किनाऱ्याला, ताजं पापलेट दिसणार नाही. त्या दोन महिन्यांत घरोघरी उन्हाळ्यात भरून ठेवलेले सुके बोंबील निघतात. मोजणीदाराकडेही निघाले आणि त्यांचा बिल्ला सत्तेचाळिसाव्या खिळ्यावर जाऊन बसला. श्रावण लागला, घरात मासळी बंद झाली, पण सत्तेचाळीस ते सत्तेचाळीसच. मोजणीला विसरणं ठाऊक नसतं. मग आले गणपती. मोदकांच्या सारणासाठी वेलची माळ्यावरून उतरली, एकदा वापरली, पहिल्या खिळ्यावर लटकली. पाठोपाठ खसखस हवी झाली. जागा करायची, तर सर्वांत कमी कोण? वेलची. गेली वर. पुन्हा वेलची हवी, म्हणून खसखस वर. वहिनी सकाळपासून चौथ्यांदा स्टुलावर चढल्या तेव्हा काकू सोवळ्यातच आतून आल्या.

“देवाच्या नैवेद्याचं माळ्यावर टाकतोस आणि ओट्यावर बोंबील मिरवतोस?”

मोजणीदाराने तिथल्या तिथे सगळ्यांचे आकडे निम्मे केले. हा उपाय खराच आहे. जुनी पुण्याई ठरावीक काळाने अर्धी करायची, की नव्यांना टिकाव धरता येतो. निम्म्याने बोंबील तेविसावर आले. काकूंनी बिल्ला, डबा दोन्ही उचलून पोटमाळ्यावर टाकले. नंतर तो मला म्हणाला की बेलाडी नावाच्या माणसाने १९६६ सालीच सांगून ठेवलंय, पुढे ज्याची गरज सगळ्यांत उशिरा पडणार आहे ते काढा, यापेक्षा चांगला नियम नाही. फक्त त्याला भविष्य माहीत असावं लागतं. मी ओट्याशेजारी लटकलेल्या कालनिर्णयाकडे बोट दाखवलं. काकू रोज सकाळी तेच बघून डबे हलवतात. अर्थात काकूंचंही सगळंच बरोबर असतं असं नाही. त्यांच्या सासूबाईंचा एक पितळी डबा फळीवर मधोमध आहे, वर्षानुवर्षं रिकामा, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. असूही दे. आमच्या स्टोअरमध्येही तीन वर्षांतून एकदा लागणारा एक व्हॉल्व्ह आहे. कार्डावर ‘नॉन-मूव्हिंग’ असा शिक्का, पण तो नसेल त्या रात्री प्लँट बंद आणि फोन मला.

दिवाळीच्या आधी ऑफिसमधल्या साहेबांनी विचारलं, कॅशचं कुठवर आलं? याने खिळ्यांची पट्टी समजावून सांगितली. साहेब म्हणाले, रेडिस नावाच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०१७ पासून आहे, सेटिंगची एक ओळ बदल. मोजणीदाराने रेडिसचं आतलं काम वाचलं आणि संध्याकाळी थेट माझ्याकडे आला. चेहरा पडलेला. रेडिस नीट मोजतच नाही. आकडा २५५ च्या वर जात नाही, जसजसा मोठा होतो तसतसा कधी वाढवायचा, कधी नाही, आणि वापर थांबला की मिनिटा-मिनिटाने आपोआप उतरतो. बरं, काढायची वेळ आली की सगळ्यांत कमी कोण हेही शोधत नाही. हाताला लागतील ते पाच डबे चाचपायचे आणि त्यातला सर्वांत कमी वापरलेला फेकायचा.

“पाचच?” मी विचारलं.

“पाचच. म्हणजे चक्क अंदाजपंचे!”

त्याने ती ओळ बदलली. काम चालू आहे, तक्रार नाही. पट्टी आता त्यांच्या दाराशी असते, किल्ल्या अडकवायला. आमची मिठाची वाटी अजून त्यांच्याकडेच आहे.