वादी खुर्चीत, प्रतिवादी झोपाळ्यावर

(कोकणातल्या घराची पडवी. एक झोपाळा, एक टेबल. टेबलावर तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल. सत्तरीचे काका काठी टेकत येतात. वर पांढरा शर्ट आणि काळं जाकीट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा.)

साडेदहा! अकराला कोर्ट बसतं. वकील म्हणाले, काका, अर्धा तास आधी लिंकवर येऊन बसा. बसतो. बसण्याची सवय आहे. हा दावा लावला तेव्हा माझे केस काळे होते आणि वकिलांचे वडील वकील होते.

दावा कशाचा? गडग्यावरच्या हापूसच्या कलमाचा. खोड माझ्या बाजूला, फांद्या थोरल्या भावाच्या बाजूला. आंबा कुठे पडेल ते वाऱ्यावर. वाऱ्याला प्रतिवादी करता येत नाही, म्हणून दादाला केलं.

आता माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वकिलांनी अर्ज दिला, वादीला व्हीसीवरून हजर राहू द्यावं. मंजूर! लगेच दादाचा अर्ज. वादी घरात बसणार, मग मी काय म्हणून एस.टी.चे धक्के खाऊ? तोही मंजूर! आमच्या दाव्यात इतक्या वर्षांत झटपट झालेली कामं ही दोनच.

मला वाटायचं, ही सगळी कोरोनानंतरची थेरं. वकील म्हणाले, छे, सुप्रीम कोर्टानं २००३ सालीच सांगून ठेवलंय. मुंबईतला खटला, साक्षीदार डॉक्टर अमेरिकेत. पडद्यावर दिसला तरी माणूस हजरच धरायचा. म्हटलं वा! तो अमेरिकेतून मुंबईत हजर. मी इथून तालुक्याला दिसलो तरी पुष्कळ, मध्ये घाट आहे.

(जाकीट झटकत) कपड्यांचं मात्र वकिलांनी बजावलंय. २०२० मध्ये राजस्थान हायकोर्टात एक वकील बनियनवर प्रकटले. जामिनाचं काम होतं. कोर्टानं सुनावणी पुढे ढकलली. म्हणजे बनियन वकिलाचं आणि ताटकळला अशील! त्याच वर्षी गुजरातेत एक वकील गाडीत बसून सिगारेट ओढताना दिसले. दहा हजार दंड! त्या पैशात किती पाकिटं आली असती, हिशेब करा. आणि २०२५ मध्ये, तिथंच, एक पक्षकार थेट संडासातून हजर. अहो, समन्स म्हणजे हातातलं काम टाकून यायचं, हे मान्य. पण ते काम उरकून यावं की नाही?

आता ह्या लेंग्याचं म्हणाल, तर टेबलाखाली कोण बघतंय? (थबकतात) पण न्यायाधीश आले की उभं राहायचं असतं. उभा राहिलो की शर्ट वर जाणार आणि कॅमेऱ्यात नेमका लेंगा येणार. शिवाय हा गुडघा! मी उठेपर्यंत कोर्ट उठेल. (आत बघून) अगं ए, पँट काढून ठेव! हो, बाहेरची!

(मोबाईलवर बोट आपटत) हा फोन नातवानं लावून दिला. लॉबीत शिरलो, नाव बघतो तर काय, ‘डेंजर वाघ ९९’. दिवाणी दाव्यातला वादी! त्याला म्हटलं, बाबा, बोर्डावरचा नंबर आधी, मग माझं नाव, मग वादी. तर म्हणतो, आजोबा, मांजराचं तोंड लावून देऊ? लावू नकोस! टेक्सासमध्ये २०२१ साली एका वकिलाच्या तोंडाला ते चिकटलं, निघता निघेना. बिचारा जजसाहेबांना सांगतोय, मी मांजर नाही.

मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं ते पुकाऱ्याविना. कोर्टातला शिपाई दारात येऊन आपलं नाव असं काही ओरडतो, की न केलेला गुन्हाही कबूल करावासा वाटतो. इथं नुसतं लिहून येतं, थांबा, आत घेतील. आत घेतील? घर माझं, पडवी माझी!

(बाहेर छत्री मिटल्याचा आवाज.)

आला! प्रतिवादी आला. ये दादा. पाय पूस.

असे बघू नका. त्याच्याकडे रेंज नाही. रेंज हवी तर सड्यावर जायचं, तेही ह्या पावसात. पंच्याहत्तरीचा माणूस एका हातात छत्री, एका हातात मोबाईल घेऊन सड्यावर उभा, आणि वर वीज कडाडतेय. त्याचं काही बरंवाईट झालं तर? त्याचे वारस रेकॉर्डवर आणायचे! चार मुलगे, तीन मुली, त्यातली एक दुबईला. सगळ्यांना नोटिसा लागेपर्यंत माझेच वारस आणायची वेळ येईल. म्हणून मीच निरोप धाडला, माझ्या पडवीत ये.

(झोपाळ्याकडे) दादा, एका कॅमेऱ्यात नको. कोर्टाला वाटेल तडजोड झाली. तडजोड! मेलो तरी नाही. तू झोपाळ्यावर, मी खुर्चीत. आणि माइक बंद ठेव, नाहीतर दोन्ही फोन एकमेकांवर ओरडतील.

(आतून बशी येते.) हे काय गं? आंबापोळी? दादा, थांब! खाऊ नकोस! आंबा कुठला विचार आधी. गडग्यावरचा. वादातली मालमत्ता खातोयस तू, तीही कोर्ट बसायच्या वेळी! (स्वतः एक तुकडा तोंडात टाकत) मी खोडाच्या बाजूचा खातोय.

काय? तुझं नेट चालत नाही? सांगितलं नाही का मी, घरचं वायफाय धर म्हणून. पासवर्ड ना? (एकदम गप्प. प्रेक्षकांकडे बघत हळू आवाजात) पासवर्ड मी रागाच्या भरात ठेवलेला. (मोठ्यानं) लिही दादा. कलम. माझंच. आहे. मध्ये जागा नाही सोडायची. काय झालं? लिही ना! अरे, मी चिडवत नाहीये, तोच पासवर्ड आहे!

(झोपाळ्याकडे टक लावून) लिहितोय. प्रतिवादी स्वतःच्या बोटानं लिहितोय, कलम माझंच आहे. (घाईघाईनं वकिलांना फोन) हॅलो, वकीलसाहेब! ही कबुली धरता येईल का? नाही? का नाही? ...काय म्हणता? ‘माझंच’ दादानं लिहिलं, म्हणजे कलम दादाचं झालं?

(फोन ठेवतात. प्रेक्षकांना) मंडळी, भाऊबंदकीत दावा चालू असेल, तर पासवर्डात नाव घाला, सर्वनाम घालू नका.

(अंधार.)