पद्मिनीचे हप्ते

पगारदार माणसानं हौस करावी, पण ती महिनाअखेर सोसेल अशी. नाट्यसंगीत, कुंडीतल्या मिरच्या, फार तर जुनी नाणी. मला प्रीमियर पद्मिनी हवी होती. 1984 ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, फिकट निळी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. किंमत एखाद्या नव्या स्कूटरच्या आसपास. “स्कूटरच्या पैशात मोटार!” हे मी घरात इतक्यांदा म्हटलं, की शेवटी बायको म्हणाली, “मग स्कूटरच घ्या ना.”

त्यात ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून गेली. पेपरात निरोपाचे लेख आले. तोवर गाडीवर ताडपत्री टाकून कंटाळलेल्या मालकाला ते वाचून गहिवरून आलं आणि त्यानं दहा हजार वाढवले.

बँकेतल्या तरुण साहेबांनी मॉडेलचं साल विचारलं. मी सांगितलं. “2014 म्हणायचंय का, सर?” त्यांनी मला एक संधी दिली. जुन्या गाडीवर कर्ज देताना बहुतेक बँका ते फिटेपर्यंत गाडीचं वय किती होईल हे पाहतात, आणि माझी गाडी त्या साहेबांपेक्षाच थोराड होती. बरं, वडीलधारी म्हणून मान मिळावा, तर तेही नाही. 2021 च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ ठरायला 50 वर्षं पुरी व्हावी लागतात. म्हणजे 2034 पर्यंत कळ काढा. बँकेच्या लेखी ती म्हातारी, सरकारच्या लेखी अजून वयात यायची आहे. आणि व्हिंटेज झाल्यावर रोज फिरवायला बंदी. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढायची. यातली दुरुस्तीची अट आमची गाडी आत्तापासूनच काटेकोर पाळते.

उरली कर्मचाऱ्यांची पतसंस्था. तिथं गाडीचं साल कोणी विचारत नाही. जामीनदार कधी रिटायर होणार, ते विचारतात. अर्जावर ‘कर्जाचे कारण’ म्हणून पर्याय छापलेले: लग्न, शिक्षण, आजारपण, घरदुरुस्ती, इतर. मला पहिली चारही थोडीथोडी लागू वाटत होती, त्यातलं ‘आजारपण’ सर्वांत प्रामाणिक. सेक्रेटरींनी मुकाट ‘इतर’वर खूण करायला लावली. जामीनदार सहकाऱ्यानं पेन उघडून पुन्हा मिटलं. “लग्नाला डोळे झाकून सही दिली असती हो. पण जुनी गाडी म्हणजे पुढं काय निघेल, सांगता येत नाही.” लग्नात ते सांगता येतं, असा त्याचा अनुभव दिसला.

घरची मंजुरी मिळवायला मी थेट पंतप्रधानांनाच मध्ये घातलं. लालबहादूर शास्त्रींनी 1964 साली पदावर असताना फियाट, म्हणजे पद्मिनीचीच थोरली बहीण, घेतली. किंमत 12 हजार, खात्यात 7 हजार. उरलेल्या 5 हजारांसाठी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. जानेवारी 1966 मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं, तेव्हा ते कर्ज बाकी होतं. त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं. गाडी आजही दिल्लीत शास्त्रींच्या स्मारकात आहे. सांगता सांगता माझाच गळा दाटून आला. बायको गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणजे फेडलं शेवटी बायकोनंच.”

गाडी आली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, कान दिला. “इंजिनाला नाव ठेवायचं काम नाय. टप्पेट वाजतायत, पॉइंट घासलेत, कार्बोरेटर ओव्हरफ्लो मारतोय, सेल्फ उचलत नाय. बाकी गाडी वन नंबर.” तेव्हापासून पुण्याच्या जुन्या बाजारात माझे रविवार जातात. दाराची कडी, काच वर करायचा हँडल, एका चाकाची टोपी, असं करत मी तीच गाडी पुन्हा विकत घेतो आहे, सुट्या भागांत. वस्तूला भाव नसतो. विक्रेता आधी तोंडाकडे बघतो, मग बोटांकडे. ऑइलनं काळी झालेली बोटं दिसली, की गरज खरी आहे हे त्याला कळतं आणि भाव वाढतो.

एप्रिलच्या उन्हात खंबाटकीच्या चढाला पेट्रोलची पंपातच वाफ झाली आणि गाडी बसली. यावर इलाज एकच: पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट बघायची. तेवढ्यात माणसं गोळा झाली. “आमच्या मामांकडं होती!” “आमची डुक्कर फियाट, पुढची दारं उलटी उघडायची!” प्रत्येकाच्या खानदानात एक फियाट निघाली. धक्का मारायला मात्र आठवणी संपल्याशिवाय कोणी हात लावला नाही.

पतसंस्थेचं कर्ज फिटलं, बेबाकीचा दाखला मिळाला. तसलाच दाखला गमतीनं मिस्त्रींकडे मागितला. “साहेब, गाडी हाय तोवर आपला हिशेब कसा मिटंल?” ते हसून म्हणाले, हात पुसले आणि आपल्या नव्या कोऱ्या मोटारीत बसले. तिला बँकेनं लगेच कर्ज दिलं म्हणे. हप्ते अगदी वेळेवर जातात. जाणारच, मी एकही चुकवलेला नाही.