परभणी ते पूर्णा: रुळांशेजारच्या वाटेचे एक सायकल-अध्ययन

रेल्वेने कायमच्या सोडून दिलेल्या मार्गावरील रूळ व स्लीपर उचलून, मागे उरलेल्या भरावावर सायकलस्वार आणि पादचारी यांच्यासाठी जी वाट तयार करतात, तिला रेल ट्रेल असे म्हणतात. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील केटी ट्रेल आणि न्यूझीलंडमधील ओटागो सेंट्रल ही तिची नामांकित उदाहरणे असून, अशा वाटांविषयीच्या लेखनात अरण्ये, सरोवरे आणि जुने बोगदे यांचा उल्लेख हटकून आढळतो. तथापि या वाटांचा खरा गुण निसर्गसौंदर्य हा नसून सौम्य चढ हा आहे. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ सोसत नसे म्हणून मार्ग शक्यतो सपाट आखला जाई, आणि इंजिनाहूनही ज्याची प्रकृती नाजूक आहे अशा पन्नाशीच्या सायकलस्वाराला त्या दूरदृष्टीचा लाभ आज शंभर वर्षांनी विनासायास मिळतो.

परभणी जिल्ह्यात अशी वाट नाही. येथे जंगल नावापुरते आहे, मोठा जलाशय म्हणावा तर तो जिंतूर तालुक्यात येलदरीला, रेल्वेपासून बराच दूर, आणि मुख्य अडचण अशी की रेल्वेने आपला मार्ग अद्याप सोडलेला नाही. निजामाच्या राज्यात हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने सुमारे १९०० साली जी मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज लाइन (रुळांतील अंतर १,००० मिलिमीटर) टाकली गेली, तिचे कालांतराने ब्रॉडगेजमध्ये (१,६७६ मिलिमीटर) रूपांतर झाले, पुढे परभणी–मुदखेड टप्प्याचे दुहेरीकरणही झाले, आणि सायकलस्वारांसाठी काहीही शिल्लक ठेवण्यात आले नाही. पूर्णा जंक्शनहून हिंगोली, अकोल्यामार्गे खंडव्याला जाणारी दुसरी जुनी मीटरगेज लाइन मात्र याबाबतीत आशादायक वाटते. तिच्यावरून एके काळी जयपूर–काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस धावत असे, धूळघाटजवळ ती स्वतःभोवतीच गिरकी घेऊन डोंगर चढे, आणि अकोटच्या पुढचा तिचा जुना मार्ग आता बंद आहे. तेथे अरण्य घनदाट आहे आणि चढही रेल्वेने आखलेला आहे. पण तो भाग मेळघाट व्याघ्रप्रकल्पात येत असल्याने, जेथून रेल्वे उठली तेथे वाघ बसला आहे, आणि दोघांपैकी वेळापत्रक फक्त रेल्वेलाच असते.

या मर्यादा ध्यानात घेऊन प्रस्तुत अभ्यासकाने परभणी ते पूर्णा या सुमारे २८ किलोमीटरच्या पट्ट्यात, पिंगळी आणि मिरखेल या स्थानकांना धरून, रुळांलगतच्या पाणंदीने (म्हणजे शेतांच्या बांधांमधून जाणाऱ्या सार्वजनिक गाडीवाटेने) सायकल नेण्याची योजना आखली. प्रत्यक्ष रुळांमधून जाणे शक्य नव्हते, कारण रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीतील अनधिकृत प्रवेशाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि अभ्यासकाच्या घरी यांपैकी दंडालाच तीव्र हरकत घेतली गेली असती. साधनसामग्रीत एकवीस गिअरची सायकल, दोन्ही चाकांना घट्ट बसणारी मडगार्डे, हेल्मेट आणि बैठकीच्या भागात गादी शिवलेली तंग चड्डी यांचा समावेश होता. या शेवटच्या वस्तूची शास्त्रीय उपयुक्तता पिंगळीच्या चहाच्या टपरीवर कोणालाही पटवून देता आली नाही.

परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. पाणंदीच्या तोंडाशी कापसाच्या शेतात काम करणाऱ्या एका बाईने "काका, कुठं निघलाव? वापसा न्हाई आजून," असे सांगितले. वाफसा म्हणजे पावसानंतर जमिनीतील जादा पाणी निचरून तिच्यात पाणी आणि हवा यांचा मेळ बसण्याची अवस्था. ती येईपर्यंत शेतकरी औत रानात घालत नाही. ही संज्ञा शेतीपुरती असून सायकलशास्त्राला लागू होत नाही, असे अभ्यासकाचे त्या वेळचे प्रतिपादन होते.

येथून पुढे प्रवास थांबतो आणि मृदाशास्त्र सुरू होते. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून बेसॉल्ट हा काळा खडक तयार झाला आणि त्याच्या झिजेतून परभणीची काळी, भारी जमीन बनली. या जमिनीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते; त्याचे कण पातळ पापुद्र्यांचे बनलेले असून पापुद्र्यांच्या मधल्या फटींत पाणी शिरले की ते फुगते, आणि उन्हाळ्यात पाणी गेले की आकसून जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगलेल्या अवस्थेत ती ज्या वस्तूला चिकटते तिच्याशी तिचे नाते रक्ताच्या नात्याहून दृढ असते. पहिल्या काही मीटरमध्ये टायर जाड झाले. मग मडगार्ड आणि टायर यांतील जागा भरली. मग ब्रेक, साखळी आणि गिअर बदलणारी यंत्रणा यांचा एकच काळा गोळा होऊन एकवीस गिअरच्या जागी एकही उरला नाही. चाके फिरेनात तेव्हा सायकल ढकलण्यात आली, ढकलली जाईना तेव्हा ओढण्यात आली, आणि ओढली जाईना तेव्हा, वाहन व वाहक यांच्या परंपरागत संबंधाची उलटापालट करून, खांद्यावर घेण्यात आली. बुटांच्या तळाशी दर पावलागणिक नवा थर चढत होता. अभ्यासकाची उंची त्यामुळे वाढत गेली, परंतु तिचे कौतुक करायला तेथे कोणी नव्हते.

तेवढ्यात भरावावरून नांदेडहून अमृतसरला निघालेली सचखंड एक्सप्रेस गेली. तिच्या खिडक्यांतून जे दृश्य दिसले असेल त्याचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे: रुळांखाली अंथरलेली खडी हीदेखील बेसॉल्टचीच. तोच खडक फोडून खडी केला तर हजारो टनांच्या मालगाड्या पेलतो, आणि झिजून माती झाला तर एका सायकलला वीस पावले जाऊ देत नाही. काळ्या मातीचा हा स्वभाव रेल्वेच्या अभियंत्यांना चांगला ठाऊक असल्यामुळे ते भरावाच्या माथ्यावर मुरुमासारख्या निवडक मालाचा थर देऊन मगच खडी टाकतात. पाणंदीवर असा थर देण्याची आठवण कोणाला झालेली दिसत नाही.

आणि येथे विनोद बाजूला ठेवावा लागतो. शहरातून आलेल्या माणसाला हा चिखल एका दिवसाचा तमाशा असतो. पण याच वाटेने चपला हातात घेऊन मुली शाळेला जातात, याच वाटेने बाळंतिणीला खाटेवर घालून डांबरी सडकेपर्यंत आणावे लागते आणि वेचलेला कापूस वाट वाळेपर्यंत घरात पडून राहतो. राज्यात २०२१ साली शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजना सुरू झाली. योजनेचे नाव पावसात विरघळत नाही, रस्ता विरघळतो.

सायकल अखेर एका कीमनने मोकळी केली. कीमन म्हणजे आपल्या हद्दीतील रूळ, त्यांना धरून ठेवणाऱ्या चाव्या आणि जोड रोज पायी चालून तपासणारा रेल्वे कर्मचारी. त्याच्या खांद्यावर हातोडा आणि पाना असतो, सोबत लाल झेंडी असते. या गृहस्थाने वरूनच "साहेब, इकडं रुळाकडं येऊ नका, मीच येतो खाली," असे म्हटले, उतरून पळाटीची (कापसाच्या वाळलेल्या झाडाची) एक काडी शोधली, आणि मडगार्डातला चिखल अशा बेताने उकरून काढला की दोन्ही चाके पुन्हा फिरू लागली. मग मडगार्डेच सोडवून त्याने ती अभ्यासकाच्या हाती दिली. चड्डीविषयी त्याने काही विचारले नाही. उन्हाळ्यात परभणीचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, रूळ त्याहून कितीतरी अधिक तापतात आणि प्रसरण पावून वाकण्याचा धोका निर्माण होतो. त्या दिवसांत भरदुपारी गस्त घालावी लागते, आणि ती घालणाऱ्याच्या बुटांचे तळ खडीवर भाजून निघतात. जगातल्या नामांकित रुळवाटांवर माणसे हौसेने चालतात. या वाटेवर एक माणूस रोज चालतो, त्याची दमछाक कोणत्याही प्रवासवर्णनात येत नाही, आणि त्याने साधा चहासुद्धा घेतला नाही, कारण पुढची हद्द तपासायची राहिली होती.

पुढचा टप्पा डांबरी सडकेने पार पडला. मिरखेलचे स्थानक शांत आणि नीटनेटके आहे. पूर्णा हे मोठ्या रेल्वे वसाहतीचे गाव असून पूर्णा नदी तेथून जवळच कंठेश्वरला गोदावरीला मिळते. संगम सुंदर आहे, पण तेथवर सायकल नेण्याचा प्रस्ताव अभ्यासकाच्या गुडघ्यांनी एकमताने फेटाळला.

ज्या वाचकांना या मार्गाचे अध्ययन पुढे न्यावयाचे असेल त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात निघावे, बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चरचे सामान सोबत ठेवावे, मडगार्डे घरीच काढून ठेवावीत, आणि पाणंदीच्या तोंडाशी कोणी बाई वाफशाचे नाव काढील तर मुकाट्याने परभणी स्थानकावर परत येऊन पूर्णेचे तिकीट काढावे.