सल्लागार व्हा, शोधक नको

होतकरूंनी आता इनोव्हेशन कन्सल्टंटच व्हावे. स्वतः काही शोधण्याची जोखीम या पेशात नाही. ती कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पत्करली. १९७५ साली त्यांनी डिजिटल कॅमेरा बनवला, आणि २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपण ही गोष्ट पहिल्या स्लाइडवर सांगायची. गिऱ्हाईक घाबरले की दुसरी स्लाइड दराची. (कोडॅक ऐकून लोक हल्ली जांभया देतात, एखादी ताजी कंपनी बुडाली तर पेशावर उपकारच होतील.)

भांडवल म्हणाल तर पिवळ्या चिकट चिठ्ठ्या. थ्रीएमचे स्पेन्सर सिल्व्हर १९६८ मध्ये घट्ट गोंद करायला गेले, झाला तो सहज सुटणारा. त्याच्या चिठ्ठ्या अमेरिकाभर विकायला १९८० उजाडले. एवढी बारा वर्षे कुठली कार्यशाळा देईल? आपल्याकडे कल्पना चहाच्या सुट्टीआधी भिंतीवर लागते आणि जेवणापर्यंत गळून पडते. कल्पना कर्मचाऱ्यांची, अक्षरही त्यांचेच. बिल तेवढे आपले.

पुढची पायरी उघड आहे. कंपन्यांनी प्रयोगशाळा बंद करून तिथे भिंती बांधाव्यात. संशोधकांना नारळ द्यावा आणि पुढच्याच महिन्यात तिप्पट दराने सल्लागार म्हणून बोलवावे. ते तेच सांगतील; संचालक या वेळी लिहून घेतील.