मोकळ्या नाकाबद्दल आभार

माननीय डॉक्टरसाहेब,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले रीतसर आभार मानायचे राहूनच गेले. मी आपल्याकडे आलो होतो तो नाकाचे हाड वाकडे म्हणून. उजवी नाकपुडी बंद, रात्री घोरणे, सकाळी घशाला कोरड. हाड आपण सरळ केलेत आणि उत्तम केलेत, हे आधीच सांगून टाकतो. पुढची तक्रार, माफ करा, पुढचे आभार हाडाबद्दल नाहीत.

आपले मन मोठे. मी सही केली होती ती हाड सरळ करण्याच्या कागदावर. आपण दोन्हीकडची खालची टर्बिनेटही, म्हणजे नाकाच्या आतल्या मांसल घड्याही, काढून दिलीत. विचारले तर किती सहज म्हणालात, "आत गेलोच होतो, म्हटलं पूर्ण मोकळं करून टाकू." बिलात त्याचा वेगळा आकडाही नव्हता. आजच्या काळात कोण कोणाचे एवढे फुकट करतो? सर्वोच्च न्यायालय मात्र या बाबतीत जरा कद्रू. 2008 साली समीरा कोहली खटल्यात त्याने सांगून ठेवले आहे की, एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. जीव वाचवायला तातडीने करावी लागली तरच गोष्ट वेगळी. माझी टर्बिनेट माझ्या जिवावर उठली असावीत आणि आपण तो कट वेळीच उधळला असावा, अशी मी मनाची समजूत घातली आहे.

टर्बिनेट म्हणजे नुसती अडगळ, हे आपले मत मला तेव्हा पटले होते. नंतर वाचन वाढले. तेही आपल्याच कृपेने, कारण झोप गेली. आत येणाऱ्या हवेला ऊब आणि ओल देणे, धूळ अडवणे ही कामे त्या मांसल घड्यांची असतात म्हणे. त्या आलटूनपालटून फुगतात, म्हणून श्वास कधी डावीकडून जास्त वाहतो, कधी उजवीकडून. आमचे आजोबा नाकाखाली बोट धरून चंद्रनाडी चालू आहे की सूर्यनाडी ते सांगत. माझ्या दोन्ही चोवीस तास चालू असतात. योग्यांना जे जन्मभर साधत नाही, ते आपण भूल देऊन एका सकाळी साधून दिलेत.

मी राहतो अकोल्याला. इथली मे महिन्यातली हवा आता वाटेत कुठेही न थांबता थेट घशात उतरते. नाकात खपल्या धरतात, सकाळी बेसिनमध्ये रक्ताची रेघ दिसते. घरचे लोक गारव्यासाठी कूलरपुढे बसतात, मी ओलीसाठी. बहिणीकडे रत्नागिरीला गेलो की माणसासारखा श्वास घेतो. बदलीच्या अर्जात कारण काय लिहावे, तेवढे आपण सुचवावे.

आणि सगळ्यात मोठा उपकार तर पुढेच आहे. एवढे मोकळे नाक, पण श्वास घेतल्यासारखे वाटतच नाही! हे सांगायला आलो तेव्हा आपण दुर्बीण घालून पाहिलेत आणि हसून म्हणालात, "ट्रक जाईल एवढी जागा आहे. मनाचं आहे सगळं." ट्रक जात असेल, साहेब. पण हवा आत गेली हे मेंदूला कळते ते नाकातल्या ओल्या अस्तराला लागणाऱ्या गारव्यावरून. पुदिन्याचे सत्त्व हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, तेही तो गारवा टिपणाऱ्या चेतातंतूंमुळेच. माझे त्यातले बरेचसे आपल्या ट्रेमध्ये गेले. हवा जाते, पोच येत नाही.

मनाच्या या आजाराला 1994 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या यूजीन कर्न आणि मोनिका स्टेन्क्विस्ट यांनी 'एम्प्टी नोज सिंड्रोम' असे नाव दिले. टर्बिनेट कापलेल्या सगळ्यांनाच तो होत नाही, आणि तो वेगळा आजार मानावा का, यावर आपल्या बिरादरीत अजून वाद आहे. आपण कोणत्या बाजूचे, हे विचारायची वेळच आली नाही; आपण मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतली होती. ते गृहस्थ भले निघाले. झोपेची गोळी दिली आणि म्हणाले, नाक दुसऱ्या कोणाला तरी दाखवा.

त्या दुसऱ्यांनी सहा प्रश्न विचारले. कोरडेपणा, जळजळ, खपल्या, गुदमरणे असे. एकूण गुण 30, आणि 11 किंवा त्याहून जास्त पडले की संशय घ्यायचा. मी शाळेत कधी मिळवले नाहीत इतके गुण मिळवले. मग त्यांनी जिथे टर्बिनेट होते तिथे ओल्या कापसाचा बोळा ठेवला आणि अर्धा तास बसवून ठेवले. आपल्याकडे नाकात कापूस घालतात तो श्वास थांबल्यावर. माझा त्या कापसाने सुरू झाला! बायको शेजारी होती, तिला हसावे की रडावे कळेना.

आता मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि ग्लुकोज-ग्लिसरीनचे थेंब हा माझा नित्यनेम आहे. पुढची पायरी म्हणजे हायलुरॉनिक ॲसिडचे इंजेक्शन देऊन जागा फुगवायची. ते काही महिन्यांत विरते. नाहीतर बरगडीची कूर्चा काढून नाकात उंचवटा उभारायचा. आपण फुकट काढलेत ते परत बसवण्याचा खर्च मी विचारून ठेवला आहे. आकडा कळवत नाही, आपला श्वास अडकेल.

आता दोन नम्र मागण्या. पुढच्या रुग्णाची टर्बिनेट फुगलेली आढळली, तर वरचे अस्तर राखून आतून थोडी कमी करता येतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. फक्त आठवावे, आणि आत जाण्याआधी त्याला विचारावे.

दुसरी माझ्यापुरती. माझी ऑपरेशन नोट मी कधीची मागतो आहे. काउंटरवरच्या ताई दर वेळी "सर ओटीत आहेत" म्हणतात. आपण कोणाला तरी मोकळे करत असणार, म्हणून मी आग्रह धरला नाही. पण वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे कागद मागितल्यापासून 72 तासांत द्यायचे असतात. लेखी अर्ज सोबत जोडला आहे. त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच द्यावी, वेळही टाकावी.

कळावे. लोभ आहेच, कृपया वाढवू नये.

आपला कृपांकित,
एक मोकळा रुग्ण