गाऊटच्या गोळ्या : नापास व्हावं असा अभ्यासक्रम

अभिनंदन! मध्यरात्री पायाचा अंगठा टम्म सुजला, पांघरुणाचा स्पर्शही सोसेना आणि डॉक्टरांनी 'गाऊट' म्हटलं, की तुमचा प्रवेश पक्का. साहित्य : एक ठणकता अंगठा, तीन डॉक्टर, ओळखीचा मेडिकलवाला आणि सल्ला द्यायला टपलेले नातेवाईक.

पाठ १ : तोंड बंद ठेवा
'आणखी काही औषधं चालू आहेत?' असं विचारलं की 'छे, फक्त बीपीची' म्हणा. त्या गोळीच्या नावापुढचा 'एच' वाचूच नका. तो बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइडचा असतो. ते लघवीवाटे पाणी काढतं, पण गाऊटचं मूळ असलेलं युरिक ॲसिड अंगातच राहू देतं. उलट बीपीचंच लोसार्टन ते थोडं उतरवतं. हे डॉक्टरांना कळलं तर ते कदाचित गोळीच बदलून देतील. मग तुम्हाला मनानेच 'एच' बंद करून बीपी चढवून घेण्याची संधी कुठून मिळणार?

पाठ २ : काकांची गोळी
शेजारच्या काकांना डायक्लोफेनॅकने गुण आला ना? मग तुम्हालाही येणार. बीपीची टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, त्यावर लघवीची गोळी आणि वर ही वेदनाशामक, असं त्रिकूट जमलं की मूत्रपिंड आजारी पडू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पोटात रक्तस्रावाचीही भीती. काका मात्र तेव्हा गावाला गेलेले असतात.

पाठ ३ : इवलीशी गोळी, काय होतंय?
पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुलणारी कळलावी पाहिली असेल. तिच्या कंदातलं विष म्हणजेच कोल्चिसिन. गाऊटच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत तेच औषध असतं. औषध आणि विष यांच्यात अंतर थोडंच. ते आणखी कमी करायचं तर घसा धरला म्हणून परस्पर क्लॅरिथ्रोमायसिन आणा, किंवा नायट्यासाठी इट्राकोनॅझोल. कोल्चिसिन शरीराबाहेर जाण्याची वाट ही औषधं अडवतात. बीपीची डिल्टियाझेम आणि व्हेरापामिलही त्याच पंथातली. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन सोबत असेल तर स्नायूंनाही इजा होऊ शकते. जुलाब लागले की 'कालची मिसळ बाधली' म्हणा आणि पुढची गोळी घ्या. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांचे या जोड्यांपायी जीव गेले आहेत. पण मिसळीवर आळ घेणं सोपं.

पाठ ४ : धरसोड
ॲलोप्युरिनॉल दुखलं की बंद, थांबलं की चालू, असं घ्या. खरं तर ती रोजची गोळी. १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीपासून सुरुवात करून युरिक ॲसिड ६ च्या खाली आणेपर्यंत डॉक्टर हळूहळू डोस वाढवतात. सुरुवातीच्या महिन्यांत अंगठा पुन्हा ठणकू शकतो, पण म्हणून चालू गोळी सोडायची नसते. सोडायची ती अंगावर पुरळ उठलं तर. तेव्हा त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टर गाठायचे असतात. तुम्ही मात्र 'उष्णता झाली' म्हणून सब्जा प्या. आणि ॲझाथायोप्रिन चालू असेल तर बोलूच नका : ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅटमुळे ते रक्तात साचतं आणि अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणंच थांबवू शकते.

प्रात्यक्षिक परीक्षा
हृदयाचे डॉक्टर हृदयाच्या गोळ्या पाहतात, त्वचेचे त्वचेच्या. सगळ्या गोळ्या एकत्र येतात त्या फक्त तुमच्या पोटात. ही गुप्तता राखलीत तर पहिला वर्ग. पण घरातली प्रत्येक स्ट्रिप, मलम, काढा आणि संधिवाताची बिननावाची पुडी (अशा पुड्यांत स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि ते साखर चढवतं) पिशवीत भरून एकाच डॉक्टरांच्या टेबलावर ओतलीत, नवी गोळी घेण्याआधी मेडिकलवाल्यालाही 'मला गाऊट आहे, या या गोळ्या चालू आहेत' असं सांगितलंत, तर तुम्ही साफ नापास. पुनर्परीक्षा नाही. पेढे वाटा.